अपडेटचा रविवार: फोन आणि कॉम्प्युटर अपडेट ठेवायची माझी पद्धत

गेल्या वर्षीची गोष्ट. वीस तारीख, संध्याकाळचे साडेपाच, जीएसटीचं थ्री-बी हे महिन्याचं रिटर्न भरायचा शेवटचा दिवस, ते बाकी आणि ऑफिसच्या पीसीवर ते गोल गोल फिरणारं चक्र, खाली २७ टक्के, आणि बंद करू नका असा मेसेज. मी नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका छोट्या वर्कशॉपमध्ये अकाउंट्स बघते. बाहेर पाऊस, लाईट दोनदा डोळा मारून गेलेली, यूपीएस जुना, आणि शेठ मागे उभे राहून विचारतायत की अजून किती वेळ. माझ्याकडे उत्तर नव्हतं. सव्वासातला पीसी उठला, रिटर्न त्याच दिवशी गेलं, पण ते पावणेदोन तास जीव नुसता टांगणीला लागलेला. आणि चूक कोणाची, तर तीन आठवडे रोज सकाळी तो अपडेटचा डबा यायचा आणि मी रोज नंतर वर क्लिक करायचे. शेवटी कॉम्प्युटरने आपली वेळ आपणच ठरवली.

तेव्हापासून मी एक पद्धत बसवलीये. घरचे दोन लॅपटॉप, चार फोन, ऑफिसचे तीन पीसी आणि निफाडच्या मामांचा मोबाईल, एवढं सगळं मी महिन्यातल्या एका रविवारी सकाळी उरकते. तीच पद्धत इथे नीट लिहून ठेवते, कारण कॉलनीतले बरेच जण विचारतात आणि फोनवर सांगताना निम्मं राहून जातं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू द्या. अपडेट म्हणजे नवीन इमोजी किंवा नवीन रंगाचे बटण एवढंच नाही. बहुतेक अपडेटमध्ये सॉफ्टवेअरमधली भोकं बुजवलेली असतात, म्हणजे ज्यातून ऑनलाइन चोर आत शिरतात अशा चुका. आणि ज्या दिवशी कंपनी भोक बुजवते त्या दिवशी चोरांनाही कळतं की भोक नेमकं कुठे होतं, कारण जुनी फाईल आणि नवीन फाईल शेजारी ठेवून बघितली की काय बदललं ते दिसतं. म्हणजे अपडेट आल्यावर ज्यांनी टाकलं नाही त्यांची मशिनं आधीपेक्षा जास्त उघडी पडतात. २०१७ चं वॉनाक्राय आठवतंय का, सगळ्या फाईल्स लॉक करून पैसे मागणारं? ते पसरलं १२ मे ला, १५० देशांत, दोन लाखांहून जास्त कॉम्प्युटर, इंग्लंडमधल्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं पुढे ढकलावी लागली. आणि मायक्रोसॉफ्टने त्या भोकाचं अपडेट दिलेलं १४ मार्चला. मधे ५९ दिवस होते. ज्यांनी त्या ५९ दिवसांत कधीतरी अर्धा तास काढला त्यांचे विंडोज त्या रस्त्याने फुटले नाहीत.

मामांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, "अगं मग हे डावणीसारखंच झालं की, पानावर दिसल्यावर फवारून काय उपयोग, औषध आधी पाहिजे." डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, ऑक्टोबर छाटणीनंतर ढगाळ वातावरण आलं की द्राक्षवाला झोपत नाही, त्याला हे पटवायला मला दुसरं काही बोलावंच लागलं नाही.

आता रविवार कुठला. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी विंडोजची मुख्य अपडेट्स सोडतं. तिकडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्रीचे साडेदहा, आणि थंडीच्या महिन्यांत साडेअकरा, म्हणून आपल्या पीसीवर ते साधारण बुधवारी दिसतं. मी त्यानंतरचा पहिला रविवार धरते. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेत येतो, म्हणून हा रविवार कायम १३ ते १९ मधे पडतो, कॅलेंडरवर वर्षाचे बारा रविवार आधीच गोल करून ठेवा. अकाउंट्सवाल्यांसाठी हे बरं पडतं कारण ११ तारखेचं जीएसटीआर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, होऊन गेलेलं असतं. पण रविवार १८ किंवा १९ ला आला आणि थ्री-बी बाकी असेल तर आधी रिटर्न भरा आणि २१ ला अपडेट टाका, त्याला माझी हरकत नाही. पुढे ढकलायचं तर तारीख लिहून ढकला. नंतर बघू असं म्हटलं की ते भिजत घोंगडं पडतं, हा माझा अनुभव.

बुधवारीच का नाही, असं माझा भाचा विचारतो. कारण कधीकधी अपडेटच खराब निघतं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक नावाच्या सिक्युरिटी कंपनीचं एक चुकीचं अपडेट गेलं आणि जगभरात ८५ लाखाच्या आसपास विंडोज मशिनं निळी स्क्रीन दाखवत बंद पडली, आपल्या एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले होते लोकांना. ते मायक्रोसॉफ्टचं अपडेट नव्हतं, पण तत्त्व तेच, चार दिवसांत एखाद्या अपडेटची बोंब झाली असेल तर आपल्या कानावर येते. मायक्रोसॉफ्टचं विंडोज रिलीज हेल्थ म्हणून एक पान आहे, त्यावर कुठल्या अपडेटने काय बिघडतंय ते लिहिलेलं असतं, शनिवारी रात्री मी ते एकदा बघते. चार दिवस थांबणं ठीक, चाळीस दिवस नाही. आणि बातमीत आलं की अमुक भोकाचा वापर करून चोऱ्या चालू झाल्यात, किंवा सर्ट-इन या आपल्या सरकारी संस्थेने गंभीर इशारा दिला, तर रविवारची वाट बघू नका, त्याच दिवशी टाका.

क्रोम, फायरफॉक्स, एज आणि व्हॉट्सॲप यांना हा रविवारचा नियम लावायचा नाही, ते आले की लगेच. ब्राउजर आपण दिवसभर उघडा ठेवतो म्हणून क्रोम अपडेट डाउनलोड करून नुसतं बसून राहतं, बंद करून परत चालू केल्याशिवाय ते लागत नाही. उजवीकडे वर तीन ठिपके, हेल्प, अबाउट गुगल क्रोम, तिथे गेलं की आपोआप तपासतं आणि रीलाँच म्हणतं. आमच्या ऑफिसात एका पीसीवर ३४ टॅब उघडे होते आणि क्रोम दोन महिने बंदच केलेला नव्हता. आता रोज घरी जाताना ब्राउजर बंद करायचा असा नियम केलाय.

आता कॉम्प्युटरचं क्रमाने सांगते.

सगळ्यात पहिला बॅकअप. टॅली या अकाउंट्सच्या सॉफ्टवेअरचा डेटा फोल्डर, एक्सेलच्या फाईल्स, घरच्या पीसीवर फोटो. पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्कवर कॉपी करायचं आणि मग ती काढून ड्रॉवरमध्ये ठेवायची, लावून ठेवायची नाही. कॉपी झाल्यावर त्यातली एखादी फाईल उघडून बघा, उघडतीये ना.

मग बिटलॉकरची चावी, हे फार लोकांना माहीतच नसतं. नवीन विंडोज ११ लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट अकाउंटने चालू केला की बऱ्याचदा डिस्क आपोआप लॉक होते, म्हणजे एन्क्रिप्ट. रोज काही कळत नाही, पण एखाद्या अपडेटनंतर, विशेषतः बायोसच्या (विंडोजच्या आधी चालू होणारं मशिनचं मूळ सॉफ्टवेअर), निळ्या स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागतात आणि माणूस हबकतो. ती की तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर डिव्हाइसच्या खाली असते. आजच उघडून कागदावर लिहा आणि लाईट बिलाच्या फाईलला लावून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीच्या मुलीचा कॉलेजचा लॅपटॉप असाच अडकला, तिने ते अकाउंट दुकानात बसून घाईत काढलेलं, पासवर्ड कोणाच्याच लक्षात नाही, प्रोजेक्ट गेला तो गेलाच.

जागा बघा. सी ड्राइव्हवर २० जीबी तरी मोकळे हवेत. सेटिंग्ज, सिस्टीम, स्टोरेज, टेम्पररी फाईल्स. इथे एक धोका आहे, त्या यादीत डाउनलोड्स म्हणूनही एक चौकोन असतो, त्यावर टिक राहिली तर डाउनलोडमधलं सगळं उडतं, आणि आपल्याकडे अर्ध्या लोकांचे आधार, पॅन, सातबारा सगळं डाउनलोडमध्येच पडलेलं असतं. ती टिक काढा, मगच रिमूव्ह दाबा.

लाईटचं बघा. महावितरणचा मेंटेनन्सचा मेसेज आलाय का तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच, पीसी असेल तर यूपीएसची बॅटरी खरोखर चालते का ते आधी कळलेलं बरं.

एवढं झालं की आधी एकदा रीस्टार्ट. शट डाऊन नाही, रीस्टार्ट. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप असतं, त्यामुळे शट डाऊन करून चालू केलं तरी आतली यंत्रणा पूर्ण ताजी होत नाही. मग सेटिंग्ज, विंडोज अपडेट, चेक फॉर अपडेट्स. येईल ते डाउनलोड, इन्स्टॉल, रीस्टार्ट, आणि परत चेक. यू आर अप टू डेट असं दिसेपर्यंत हे दोन-तीनदा करावं लागतं, एकदा करून उठू नका. ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये ऑप्शनल अपडेट्स असतात, ड्रायव्हर वगैरे, आणि महिन्याच्या शेवटाकडे प्रिव्ह्यू असं लिहिलेलं एक अपडेट येतं, ते कामाच्या पीसीवर मी टाकत नाही, पुढच्या महिन्याच्या मुख्य अपडेटमध्ये ते येतंच. नीट चालणारा प्रिंटर ड्रायव्हरसाठी छेडू नये असं माझं मत.

चहा होईपर्यंत ते संपतं. मग टॅली उघडा, प्रिंटरवर एक पान काढा, डीएससी टोकन (डिजिटल सहीचा पेन ड्राइव्हसारखा डोंगल) लावून बघा, जीएसटीचं पोर्टल उघडा. काही बिघडलं असेल तर रविवारीच कळू दे. खरंच बिघडलं तर विंडोज अपडेटमध्ये अपडेट हिस्टरी, तिथे खाली अनइन्स्टॉल अपडेट्स, सगळ्यात नवीन तारखेचं काढा आणि रीस्टार्ट करा. पूर्ण नवीन व्हर्जन टाकलं असेल तर रिकव्हरीमध्ये मागे जायची सोय साधारण दहा दिवस असते, त्यानंतर नाही.

आणि तिथेच ॲक्टिव्ह अवर्स म्हणून आहे, ते आपल्या कामाच्या तासांवर लावून टाका, आम्ही सकाळी ८ ते रात्री ९ ठेवलंय. त्या वेळात विंडोज स्वतःहून रीस्टार्ट होत नाही. हे एक सेटिंग माहीत असतं तर माझी ती वीस तारीख वेगळी गेली असती. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवत असाल तर त्या वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा, नाहीतर दिवसाचा दीड जीबी सकाळी दहालाच संपतो.

विंडोज १० वाल्यांनो, तुमच्याकडे वेळ कमी आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला त्याचा सपोर्ट संपला. कॉम्प्युटर चालतो, पण भोकं बुजणं थांबलं. वरून एक जादा सोय दिलीये, ईएसयू नावाची, ती घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सिक्युरिटी अपडेट देते. तुमचं व्हर्जन २२एच२ पाहिजे (विंडोज की आणि आर दाबून विनव्हर टाइप करा, दिसतं) आणि विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल नाऊ असं दिसेल, मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की पैसे लागत नाहीत. पप्पांच्या लॅपटॉपवर मी हेच केलंय. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, मायक्रोसॉफ्टचं पीसी हेल्थ चेक नावाचं फुकट ॲप सांगतं तुमचा बसतो का. बसत नसेल तर जुगाड करून बसवून देतो म्हणणारे भेटतील, पण मायक्रोसॉफ्ट स्वतः सांगतं की अशा मशिनला पुढे अपडेट मिळण्याची खात्री नाही, म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप तेच अधांतरी. नुसतं नेट, यूट्यूब आणि पत्रं टाइप करायची असतील तर त्यापेक्षा विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट सिस्टीम टाका.

अंबड-सातपूरवाल्यांसाठी एक वेगळं. आमच्या शॉपफ्लोअरवर एका मशिनला जोडलेला पीसी अजून विंडोज ७ वर आहे. त्याचं सॉफ्टवेअर नवीन विंडोजवर चालतच नाही आणि विंडोज ७ ची अपडेट्स १४ जानेवारी २०२० ला संपली. असा पीसी अपडेट करायच्या मागे लागू नका, तो वेगळा काढा. आम्ही त्याची नेटची वायर काढली, वायफायचा डोंगल काढला, ऑफिसच्या लॅनशी संबंध तोडला. प्रोग्रॅम न्यायला एकच पेन ड्राइव्ह, त्याला लाल टेप, आणि तो आधी ऑफिसच्या अपडेटेड पीसीवर स्कॅन होतो मगच खाली जातो. त्या डिस्कची एक पूर्ण कॉपी, म्हणजे इमेज, काढून कपाटात ठेवलीये. ऑपरेटर दादांना सुरुवातीला कटकट वाटली, गाणी लावता येईना, पण आता सवय झाली.

आता फोन. अँड्रॉइडमध्ये अपडेटच्या तीन वेगळ्या जागा आहेत आणि लोक एकच बघतात. एक, सेटिंग्जमध्ये सॉफ्टवेअर अपडेट किंवा सिस्टीम अपडेट, ते मुख्य. दोन, सिक्युरिटीच्या आत गुगल प्ले सिस्टीम अपडेट, ते वेगळं असतं, त्यावर बोट ठेवून तपासावं लागतं. तीन, ॲप्स, म्हणजे प्ले स्टोअर उघडून आपल्या फोटोवर टॅप, मॅनेज ॲप्स अँड डिव्हाइस, अपडेट ऑल. अबाउट फोनमध्ये अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट म्हणून तारीख असते. ती तीन-चार महिन्यांपेक्षा जुनी आणि अपडेटही येत नाहीये, तर समजायचं की कंपनीने बहुतेक तुमच्या मॉडेलचा हात सोडला. आयफोनला सोपं, सेटिंग्ज, जनरल, सॉफ्टवेअर अपडेट, एकच जागा, ॲप्स तेवढी ॲप स्टोअरमध्ये.

फोन चार्जिंगला लावून, निम्म्याहून जास्त बॅटरी असताना, आणि वायफायवर. घरी वायफाय नसेल तर घरातल्या दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट लावा, बरेच फोन मोठं अपडेट स्वतःच्या डेटावर घेतच नाहीत. मामा रात्री अकरानंतर दिवसाचा उरलेला डेटा मामीच्या फोनवरून त्यासाठी वापरतात.

हात सोडलेला फोन फेकायची गरज नाही, पण त्यावर यूपीआय आणि बँकेचं ॲप ठेवू नका. गाणी, रेडिओ, नातवाचे व्हिडिओ, यासाठी चालेल. आणि नवीन घेताना, एमजी रोडच्या दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेल एवढंच विचारून येऊ नका, सिक्युरिटी अपडेट किती वर्षं हे विचारा आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या साईटवर तपासा. पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगच्या एस२४ पासून सात वर्षं सांगितलीत, स्वस्त फोनमध्ये तीन-चार वर्षं, कधी त्याहून कमी. दोन हजार वाचवून दोन वर्षं घालवण्यात अर्थ नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी मी खरं तर लिहायला बसले. अपडेट कधीच लिंकवरून येत नाही. फोनवर ते सेटिंग्जमध्ये असतं नाहीतर प्ले स्टोअरमध्ये, बाहेरून कुठूनही नाही. व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते, म्हणजे प्ले स्टोअरला वगळून थेट ॲप टाकायची फाईल, आरटीओ चलन, पीएम किसान, बँक केवायसी अपडेट, लग्नपत्रिका, अशा नावाने. मागच्या महिन्यात मामांचा फोन, "अगं किसानचं ॲप जुनं झालंय म्हणतंय, नवीन टाकू का, गावातल्या ग्रुपवरच आलंय." मी म्हटलं मामा हात लावू नका, कोणी पाठवलंय विचारा. पाठवणाऱ्याला पत्ताच नव्हता, त्याने ती फाईल टाकली होती आणि त्याच्या फोनवरून ती आपोआप सगळ्यांना जात होती. असं ॲप मेसेज वाचायची परवानगी मागतं आणि मग ओटीपी परस्पर जातात.

म्हणून घरातल्या प्रत्येक फोनवर आज हे करा. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, इन्स्टॉल अननोन ॲप्स, तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर सगळ्यांसमोर बंद. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप्स तपासणारी गुगलची सोय, चालू. आणि ते जीबी व्हॉट्सॲप, म्हणजे व्हॉट्सॲपची बाहेरची नक्कल, असेल तर काढून टाका, त्याची अपडेट्स कुठून येतात याचा काही भरवसा नाही आणि नंबर बॅन होतो तो वेगळा. कॉम्प्युटरवरही तसंच, एखादी साईट म्हणाली की तुमचा क्रोम जुना आहे इथून डाउनलोड करा, तर तो टॅब बंद करायचा आणि अबाउटमध्ये जाऊन स्वतः बघायचं.

आणि एखाद्याने टाकलंच ते एपीके, तर त्याला रागवत बसू नका, वेळ जातो. फोन लगेच एअरप्लेन मोडवर, वायफायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँकेला फोन करून खातं आणि यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनवर लगेच कळवा, पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे मधेच अडवायची शक्यता जास्त. मग ते ॲप काढा, निघत नसेल तर फोन रीसेट करा, आणि पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या स्वच्छ फोनवरून. कॉम्प्युटरवर शंका असेल तर सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या साईटवर साफसफाईची टूल्स फुकट मिळतात.

राहिला वायफायचा राउटर, त्यालाही अपडेट असतं. राउटरच्या ॲपमध्ये किंवा खालच्या स्टिकरवर लिहिलेल्या पत्त्यावर जाऊन फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपग्रेड बघा, आणि ॲडमिनचा पासवर्ड अजून ॲडमिनच असेल तर आधी तो बदला. कनेक्शनवाल्याने दिलेला राउटर असेल तर त्यांनाच फोन करून विचारा. हे वर्षातून दोनदा पुरे, मी दिवाळी आणि गुढीपाडव्याच्या साफसफाईत करते.

एक दोनशे पानी वही ठेवा, प्रत्येक मशिनला एक पान. ॲप वगैरे काही नको, वही कधी हँग होत नाही आणि घरातलं कोणीही उघडून बघू शकतं. माझ्या वहीत मामांच्या पानावर शेवटची ओळ अशी आहे: १७ मे, पॅच (सिक्युरिटी अपडेटची तारीख) १ एप्रिल, प्ले सिस्टीम केलं, जागा ९ जीबी, अननोन ॲप्स सगळे बंद, मामीचा फोन बाकी, पुढचा रविवार १४ जून.